तहानेचा पूर्वपक्ष

लातुरात लेकराला प्रश्न पडला की आईबाप त्याला क्लास लावतात. क्लासनं प्रश्न सुटला नाही तर क्लास बदलतात. प्रश्न तसाच जवळ ठेवायचा असतो, ही कल्पना इथं सहसा कुणाच्या डोक्याला शिवत नाही. त्यामुळं मन्मथ हालकुडे दर रविवारी सकाळी पोरं जमवून नेमकं करतो तरी काय, हे गल्लीला कधीच नीट कळलं नव्हतं. फी नाही, नोट्स नाहीत, टेस्ट सिरीज नाही. सोमवार ते शनिवार हाच माणूस एका मोठ्या क्लासात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि त्याची पोरं पुढं डॉक्टर व्हायची, म्हणून त्याचं रविवारचं वेड लोक पोटात घालत.

जागा म्हणजे जलकुंभाच्या खांबांखालची सावली. टाकी उंच, नुकतीच निळी रंगवलेली आणि आतून ठणठणीत कोरडी. शहराचं पाणी टँकरवर गेल्याला बरीच वर्षं झाली होती. टाकी पाडायला खर्च येतो म्हणून ती उभी होती. तिच्याखाली सतरंजी टाकून दहा-बारा वर्षांची पोरं गोल करून बसायची. खोटं बोलणं नेहमीच वाईट का, आठवण खोटी असू शकते का, मुंगीला कंटाळा येत असेल का, असल्या गोष्टींवर ती तावातावानं बोलायची आणि उत्तर न घेता घरी जायची.

वर्तुळाचा नियम एकच होता, आणि तो मन्मथचा नव्हता, फार जुन्या पंडितांचा होता. दुसऱ्याचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं, जमलं तर त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. याला पूर्वपक्ष म्हणतात. ज्याचं म्हणणं असेल त्यानं ‘व्हय, हेच’ म्हटल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. या नियमानं निम्मी भांडणं जागच्या जागी मरायची, कारण समोरच्याचं नीट मांडता मांडता आपलं काय होतं तेच पोरं विसरायची.

यात मन्मथच्या मुलीचा, शर्वाणीचा, हात कुणी धरू शकत नव्हतं. अकरा वर्षांची पोर, पण कुणाचाही पूर्वपक्ष पहिल्या झटक्यात मांडायची. एकदा तर तिनं शाळेच्या भिंतीवरच्या पालीचा मांडला होता आणि सगळ्यांनी पालीच्या वतीनं ‘व्हय, हेच’ म्हटलं होतं. मन्मथला तिचं फार कौतुक. तोंडानं बोलून दाखवायचा नाही, पण रविवारी तिच्याकडं बघताना त्याचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा व्हायचा.

मार्च महिन्यात एका रविवारी तिचा पूर्वपक्ष पहिल्यांदा चुकला.

फिझा नावाची मुलगी रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीतून यायची. तिकडं टँकर शेवटी पोचायचा आणि कधीकधी पोचायचाच नाही. त्या दिवशी विषय निघाला होता पाणी कुणाचं असतं हा. फिझा म्हणाली, “तहान लागली की माणूस वेगळंच बघतोय.”

शर्वाणी नेहमीच्या सफाईनं म्हणाली, “फिझाचं म्हणणं असं की तहान लागली की पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.”

“नाही. असं नाही,” फिझा म्हणाली.

शर्वाणीनं पुन्हा मांडलं. फिझानं पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदाही तेच. फिझा चिडली नव्हती, तिला खरंच सांगता येत नव्हतं. पण शर्वाणीचे कान लाल झाले. वर्तुळ त्या दिवशी तिथंच थांबलं.

पुढच्या रविवारी शर्वाणी आली ती ओठांना पापुद्रे आलेले घेऊन. आदल्या दिवसापासून तिनं पाणी घेतलं नव्हतं, घरी कुणाला कळूही दिलं नव्हतं. फिझासमोर मांडी घालून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तहान लागली की पाणी दिसत नाही, माणसं दिसायली. ज्याच्या हातात बाटली हाय तो लई लांब दिसतोय, आणि ज्याचं तोंड कोरडं हाय तो आपलाच वाटतोय, ओळखीचा नसला तरी.”

फिझानं तिच्या फुटलेल्या ओठांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, “व्हय. हेच.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मन्मथनं स्वतःची बाटली उघडून तिच्या हातात दिली. शर्वाणी अर्धी बाटली एका दमात प्यायली, आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा असा पडला की जणू हातातून काहीतरी निसटून फुटलं.

“काय झालं गं?”

“गेलं, अप्पा,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

तिनं झाकण लावून बाटली त्याला परत दिली. पोर दमली असेल असं मन्मथला वाटलं.

त्या दिवसापासून तिचं पाणी कमी होत गेलं. पेला ओठापर्यंत न्यायची आणि तसाच ठेवायची. भाताला वरण नको, ताक नको, कलिंगडाची फोड नको. आईनं रागावून बघितलं, लाडानं बघितलं, शपथ घातली. शर्वाणी घोटभर घ्यायची आणि मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. मे महिन्यात, लातूरचा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो त्या दिवसांत, ती सुट्टीत खेळता खेळता शाळेच्या मैदानात कोसळली.

तिची आई प्रणिता औषधाच्या दुकानात बसायची. मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कागद हातात आला तशी ती लेकीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

सलाइन लागलं. समुपदेशक बाई आल्या, त्यांना शर्वाणीनं इतक्या नम्रपणे निरुत्तर केलं की त्या परत आल्या नाहीत. नाकातली नळी तिनं काढून टाकली. सलाइननं जीव राहत होता, पण तोंड कोरडं ठेवायचं तिनं सोडलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टर आफरीन सय्यद यांनी मन्मथ आणि प्रणिता दोघांना खोलीत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “सुई किती दिवस ठेवणार? शिरा मिळेनात आता. हात बांधून नळी घालायची तर लेकराला बांधून ठेवावं लागेल. ते मला करायचं नाही. मी थारा सुचवतेय. तिच्या डोक्यात जे टोचतंय ते गप्प झालं तर ती पाणी पिईल.”

थारा काय आहे हे तोवर लातुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आपल्या कपाळामागं, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधोमध, एक घडी असते. आपण धरून चाललेलं आणि समोर दिसणारं जुळलं नाही की ती घडी जागी होते. कुलूप लावलं की नाही, गणित बरोबर आलं की नाही, आपण वागलो ते ठीक होतं की नाही, सगळं तिथं टोचतं. चपलेत खडा गेल्यासारखं, काढल्याशिवाय पाऊल पुढं टाकवत नाही. शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘खटका’ म्हटलं आणि तेच रुळलं. काही माणसांचा खटका मिटतच नाही, ती दिवसभर हात धूत बसतात. त्यांच्यासाठी थारा निघाली. केसांच्या रेषेलगत बसणारी पातळ पट्टी. तिच्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी निघतात, वेगवेगळ्या वाटांनी आत जातात आणि नेमक्या त्या घडीवर एकमेकींना भेटतात. वाटेत कुठंच काही होत नाही. जिथं भेटतात तिथल्या पेशी गप्प होतात.

हात धुणाऱ्यांचे हात थांबले, हे फार चांगलं झालं. पण चांगली वस्तू लातुरात आली आणि तिचा परीक्षेला उपयोग झाला नाही असं कधी घडलंय? मोठ्या वर्गातली पोरं पट्टी लावून पेपरला बसू लागली. उत्तर लिहिलं की पुन्हा वळून बघायचं नाही. ‘शंका सोडा, पुढचा प्रश्न घ्या’ अशा पाट्या चौकाचौकांत लागल्या. मन्मथच्याच वर्गात निम्म्या कपाळांवर ती बारीक करडी रेघ होती. मोठ्यांनी पट्टी काढली की खटका परत येतो, त्यामुळं कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं.

लहानांचं तसं नव्हतं. बाराच्या आतल्या मेंदूत ती घडी अजून विणली जात असते. जो धागा वापरात नाही तो मेंदू उसवून टाकतो, वापर नसलेली पायवाट गवतानं बुजते तशी. म्हणून बाराच्या आत थारा फक्त जिवावर बेतलं तरच, आणि आई, बाप व मूल तिघांच्याही होकारानं.

“किती दिवसांत बुजते वाट?” मन्मथनं विचारलं.

“दिवाळीपर्यंत काढली तर परत येण्याची आशा असते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण हालकुडे सर, काढली आणि ती परत पाणी सोडायला लागली, तर या मूत्रपिंडांना दुसरी संधी नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मन्मथ म्हणाला, “मला नाही पटत. आणखी थोडे दिवस बघू.”

प्रणिता आजवर त्याच्या वर्तुळाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आता ती त्याच्यासमोर उभी राहिली. “माझा पूर्वपक्ष मांडा,” ती म्हणाली. “जगाच्या लेकरांना शिकवता ना? मग मांडा माझा.”

“प्रणिता, ही वेळ आहे का...”

“हीच वेळ हाय.”

मन्मथनं भिंतीला पाठ टेकली. दहा वर्षांची सवय होती, जीभ आपोआप चालू लागली. “तू म्हणतेस, विचार करणारी मुलगी पाहिजे की मुलगी पाहिजे, एवढाच प्रश्न आहे. मेलेलं लेकरू कुठलाच प्रश्न विचारत नाही. तू म्हणतेस, पट्टीनं ती थोडी कमी होईल, पण असेल. जेवेल, खेळेल, भांडेल. जगातली बहुतेक माणसं एवढ्यावर सुखानं जगतात.” तो थांबला. मग जे ती कधीच बोलली नव्हती ते तो बोलला. “आणि तू म्हणतेस की मला तिच्या जिवापेक्षा तिची बुद्धी प्यारी आहे, कारण ती मी घडवलीय. जीव तू दिलास.”

प्रणिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “व्हय,” ती म्हणाली. “हेच.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आता तुमचं मांडा.”

मन्मथनं तोंड उघडलं. पलीकडं दार अर्धवट उघडं होतं, आणि आतल्या खाटेवर शर्वाणीचे पाय दिसत होते, काठीसारखे.

“कुठं सही करायची?” त्यानं विचारलं.

शर्वाणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टरांनी पट्टी दाखवली, ती तिनं हातात घेऊन उलटीसुलटी केली. “मी हो म्हणते,” ती म्हणाली. “पण आधी अप्पा माझा पूर्वपक्ष मांडतील. मी ‘व्हय, हेच’ म्हणले की लावा.”

“बरं,” डॉक्टर म्हणाल्या. “मी बाकीचे पेशंट बघून येते.”

मन्मथ स्टूल ओढून खाटेजवळ बसला. त्याला वाटलं, एवढंच ना. एवढं तर तिला देता येईल.

“तू म्हणतेस,” तो म्हणाला, “पलीकडच्या वस्तीत पाणी पोचत नसताना आपण पोटभर पिणं म्हणजे त्यांचं घेणं आहे.”

“नाही, अप्पा.”

“बरं. तू म्हणतेस, घेणं नसेल, पण साथ न देणं आहे. जो सोसतो त्याच्याबरोबर आपणही सोसलं पाहिजे.”

“नाही. तसं मोठी माणसं म्हणतात.” ती जराशी हसली, आणि फुटलेल्या ओठातून रक्ताचा ठिपका आला.

शेकडो पोरांचे पूर्वपक्ष मन्मथनं ऐकले, दुरुस्त केले, जोखले. स्वतःच्या मुलीचा त्याला दिसत नव्हता. “तू म्हणतेस... की पाणी प्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार...”

“नाही, अप्पा.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हातात ऊब नव्हती. “तुम्ही पाणी पिऊन बोलायलाव.”

त्याला ते टोमण्यासारखं लागलं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात डॉक्टर परत आल्या, त्यांच्या हातात सकाळच्या रक्ताचा अहवाल होता. त्यांनी तो वाचला नाही, नुसता प्रणिताकडं दिला. प्रणितानं वाचला आणि ती खाटेचा गज घट्ट धरून उभी राहिली.

शर्वाणीनं आईकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “लावा, डॉक्टर.”

“पण तुझं ते...”

“माझं राहू द्या. आईचा पूर्वपक्ष मला कळलाय.” नर्स केस मागं सारू लागली तशी ती मन्मथकडं वळून घाईनं म्हणाली, “अप्पा, नंतर कधी सुचलं तर मला सांगा. पण तेव्हा मी लगेच व्हय म्हणले तर ते धरू नका.”

पट्टी बसली. एक हिरवा ठिपका लागला. थोड्या वेळानं शर्वाणीच्या कपाळावरची ती कायमची बारीक आठी, जी आठी तिला पाळण्यात असल्यापासून होती, हळूहळू सपाट झाली. ती म्हणाली, “आई, पाणी दे की.”

ती पेलाभर प्यायली, आणखी मागितलं, तेही प्यायली. प्रणिता फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मन्मथही रडला, आणि त्यात आनंदच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी तिचे घोट मोजत बसण्यापलीकडं त्याला जगात काही नको होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तोवर शर्वाणी गालावर भरली होती. लंगडी खेळायची, खिदळायची, आईला चपात्या लाटू लागायची. गणितं पटापट सोडवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरगी किती शहाणी झाली. त्या म्हणाल्या आज उकाडा फार आहे, की शर्वाणी म्हणायची, हो ना काकू. त्यांचा नवरा म्हणाला कालच्यापेक्षा बरंय, की त्यालाही म्हणायची, हो ना काका. दोघांना एकाच दमात, एकाच गोड आवाजात.

तिला वर्तुळात न्यायला मन्मथचा पाय धजेना. शेवटी तीच म्हणाली, चला की अप्पा. टाकीखाली पोरांनी तिला मध्ये बसवलं. एका मुलानं मांडलं की चुकून केलेल्या गोष्टीची शिक्षा नसावी. शर्वाणी म्हणाली, “व्हय, हेच.” दुसऱ्यानं मांडलं की शिक्षा असावीच, नाहीतर कुणी जपून वागणार नाही. शर्वाणी म्हणाली, “व्हय, हेच.” पोरं हसली, त्यांना वाटलं ती खेळ करतेय. एकटी फिझा हसली नाही. ती उठली, शर्वाणीच्या कपाळावरच्या रेघेला बोट लावून बघितलं आणि परत जागेवर जाऊन बसली. पुढच्या रविवारी फिझा आली नाही. त्यानंतरही आली नाही.

मन्मथ दिवस ढकलत होता. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मध्येच थांबायचा. मुलगी घरात होती, धडधाकट होती, त्याच्या गळ्यात पडत होती, आणि तो तिच्यासाठी सुतक पाळल्यासारखा वागत होता, हे त्याचं त्यालाच शरमेचं वाटायचं. पण एक गोष्ट त्याला सोडत नव्हती. तिनं जाताना एकच मागितलं होतं आणि ते त्यानं दिलं नव्हतं. कुणाचंही म्हणणं जगात एकदा तरी कुणाला तरी नीट कळावं, यासाठी त्यानं टाकीखाली सतरंजी टाकली होती. आणि घरचंच लेकरू न कळता गेलं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं. दिवाळी तोंडावर आली, दारांना रंग लागू लागले. त्या दिवसांत एका सकाळी मन्मथ पाण्याचा पेला उचलता उचलता थबकला. तुम्ही पाणी पिऊन बोलायलाव. तो टोमणा नव्हता. त्या पोरीनं आयुष्यात कुणाला टोमणा मारला नव्हता. ती साधी माहिती होती.

त्यानं पेला तसाच ठेवला. त्या दिवशी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी तसाच वर्गावर गेला. दुपारच्या तासाला त्याची जीभ टाळूला चिकटली आणि डोळ्यांसमोर पोरांच्या बाकावरच्या बाटल्या नुसत्या चमकायला लागल्या. मग बाटल्याही दिसेनाशा झाल्या. दिसायला लागली ती माणसं. बाटलीवाली पोरं फार लांब गेली, नदीच्या पलीकडच्या काठावर बसल्यासारखी. आणि खिडकीबाहेर बांधकामाच्या सावलीत रिकामी कळशी उशाला घेऊन एक बाई आडवी झाली होती, ती त्याला सख्ख्या बहिणीसारखी जवळची वाटली. इतकी खरी की तास सोडून तिच्याकडं धावावं. फिझा हेच म्हणत होती. अक्षर न् अक्षर हेच. त्याला वाटलं, आता हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तो झोकांडला. पोरांनी त्याला खुर्चीत बसवलं, कुणीतरी बाटली तोंडाला लावली. तो प्यायला, घटाघटा. जीभ सुटली, डोकं ताळ्यावर आलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. एक मजूर बाई झोपली होती. एवढंच. रोज झोपत असेल. आपण उगाच काय खूळ घेऊन बसलो होतो, असं त्याला वाटलं आणि थोडं हसूही आलं.

आणि त्या हसण्याशीच त्याला टाकीखालचं ते बोलणं आठवलं. गेलं, अप्पा. काय गेलं?

तो वर्ग तसाच सोडून स्कूटरवर बसला. वाटभर शब्द ओठांत घोळवत होता, सांडू नयेत म्हणून हेल्मेटमध्ये मोठ्यानं म्हणत होता. घरात शिरला तेव्हा शर्वाणी खाली बसून आकाशकंदिलाला कागदाच्या झिरमिळ्या चिकटवत होती. प्रणिता स्वयंपाकघराच्या दारात पीठ चाळत होती.

“शरू,” तो धापा टाकत तिच्यासमोर बसला. “तुझा पूर्वपक्ष. ऐक. तहान लागली की एक जग दिसतं. पाणी प्यायलं की तेच जग खोटं वाटतं. प्यायलेला म्हणतो, तहानेत मला भ्रम झाला होता. तहानलेला म्हणतो, पाण्यानं माझे डोळे मिटले. दोघांत खरं कोण बघतं हे ठरवायचं कुणी? जो ठरवणार तो एक तर तहानलेला असतो, नाहीतर प्यायलेला. पाणी वाईट आहे म्हणून तू टाळत नव्हतीस. फिझाची बाजूही घेत नव्हतीस. प्यायलं की प्रश्नच उरत नव्हता, आणि मग त्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीच राहत नव्हतं. म्हणून तू तोंड कोरडं ठेवलंस. तू तो प्रश्न राखत बसली होतीस, बाळा. एकटी.”

शर्वाणीनं त्याच्याकडं बघितलं. डिंकाचा हात तसाच वर धरलेला. तिचा चेहरा उजळला.

“व्हय, अप्पा,” ती म्हणाली. “हेच.”

क्षणभर मन्मथला वाटलं, पोचलो. पाच महिने उशिरा का होईना, पोचलो. मग त्याला तिचं जातानाचं वाक्य आठवलं: मी लगेच व्हय म्हणले तर ते धरू नका. विचारू नये असं त्याला आतून वाटत होतं. त्यानं विचारलं.

“शरू, की असं होतं... टँकरच्या पाण्याला वास येत होता, म्हणून तू पीत नव्हतीस?”

“व्हय, अप्पा. हेच.” तोच उजळलेला चेहरा. तोच गोड आवाज.

दारातली चाळणी थांबली.

मन्मथचा हात आपोआप उठला आणि तिच्या कपाळाजवळ गेला. केसांखाली पट्टीची कड लागली, ऊबदार, अगदी पातळ. नखानं उचलली तर निघाली असती. दिवाळी पुढच्या आठवड्यात होती.

“काढायची का?” शर्वाणीनं विचारलं, आणि सोयीचं जावं म्हणून डोकं त्याच्याकडं झुकवलं. “काढा की.”

त्यानं प्रणिताकडं बघितलं. तिच्या हातातल्या पिठाच्या चाळणीकडं बघत ती नुसती उभी होती, आणि तिचा पूर्वपक्ष तिला पुन्हा मांडायची गरज नव्हती. मन्मथला तो पाठ होता. खाटेवरचे ते पायही पाठ होते.

त्यानं पट्टीवरून हात मागं घेतला आणि तिचे केस नीट केले. “राहू दे,” तो म्हणाला.

“बरं,” शर्वाणी म्हणाली.

ती उठून आत गेली आणि त्याच्यासाठी पेला भरून घेऊन आली. काठोकाठ भरलेला, वाटेत एक थेंब न सांडता. “प्या की अप्पा. किती घाम आलाय तुम्हाला. काय एवढा विचार करायलाव?”

तो प्यायला. तहान होतीच. पण घोटागणिक ते शब्द आतून पुसट होताना त्याला जाणवत होते, आणि आता जगात ते एका त्याच्याजवळच होते. अर्ध्यावर त्यानं पेला खाली ठेवला. त्या पोरीची दुसरी काही आठवण राखता येण्यासारखी नव्हती. यापुढं रोज थोडी तहान उरवून ठेवायची, एवढंच त्याच्या हातात होतं.

“नको का उरलेलं?” शर्वाणीनं विचारलं, आणि त्यानं काही म्हणायच्या आत पेला उचलून आनंदानं पिऊन टाकला.